दुःख मोजता, स्वप्नं कधी मोजणार?

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये लिलियन जोन्स नावाची एक काळी शिक्षिका होती. १९१६ साली तिने कादंबरी छापली, ‘पाच पिढ्यांनंतर’ अशा अर्थाच्या नावाची. आपल्या लोकांनी आफ्रिकेत जाऊन मानाचं आयुष्य उभारावं, हे त्यातलं स्वप्न. पुढे कित्येक वर्षं ती कुणाच्या खिजगणतीत नव्हती. काळ्या बाईकडून जगाला दुःख ऐकायचं असतं, उद्याचं चित्र नाही.

आपण नागपूरकर वेगळे आहोत का? दलित बाईचं लेखन म्हटलं की आपल्याला फक्त आत्मकथन आठवतं. कुमुद पावडे, बेबी कांबळे, उर्मिला पवार मोठ्याच आहेत, वादच नाही. पण उद्याबद्दल कुणी लिहिलं, हे आपण विचारतच नाही.

विचारायचं असेल तर आपल्याच गावातलं मोहन पार्क आठवा. २० जुलै १९४२, दलित महिला परिषद. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. त्यांनी भाषणात संततिनियमनाचा विषय काढला. १९४२ मध्ये, भर मांडवात! आणि ठराव काय झाले? बाईला घटस्फोटाचा हक्क. एकाहून जास्त बायका करायला कायद्याने बंदी. गिरणी, बिडी, नगरपालिकेतल्या कामगार बायांना वर्षाला २१ दिवस किरकोळ रजा, २० वर्षं नोकरीनंतर महिना किमान १५ रुपये पेन्शन. मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहं. कायदेमंडळात राखीव जागा.

लगेच कुणीतरी म्हणेल, ‘हे ठराव झाले, साहित्य कुठंय?’

अहो, तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. संविधान नव्हतं. घटस्फोट आणि एकपत्नीत्वाचा हिंदू विवाह कायदा यायला आणखी १३ वर्षं होती. जे जग अजून नाही, ते कलमवार मांडणं म्हणजे स्वप्न लिहिणं नाही तर काय? दिवसभर बिडी वळणाऱ्या बाईने कादंबरी कधी लिहायची? ठरावाचा कागद हाती आला, त्यावर लिहिलं.

म्हणून मागणी साधी आहे. ते भाषण आणि ते ठराव मराठीच्या वर्गात साहित्य म्हणून शिकवा. नुसती जयंतीच्या भाषणात दोन ओळींची आठवण नको.

आणि उद्या सकाळी तुमच्या गल्लीत झाडू मारणाऱ्या कंत्राटी ताईला एकदा विचारा, भरपगारी रजा किती मिळते? तिच्या उत्तरावरून कळेल, मोहन पार्कातलं ते स्वप्न जुनं झालं की अजून पुढेच आहे.