गेमचा कॉम्प्युटर जोडताना



देऊळघाटच्या आमच्या भाच्याने हट्ट धरला, "मामा, गेमचा कॉम्प्युटर मी स्वतः जोडणार." ताईने भिशीचे पैसे काढून दिले. यादी पाहिली तर कॅबिनेट लखलख दिव्यांची आणि एसएमपीएस मात्र बिननावाचा!

हा डबा घरची वीज सगळ्या भागांना पुरवतो. तोच हलका निघाला तर महागडे भागही जळू शकतात. त्यात आपल्याकडे वीज कमीजास्त होते, अर्थिंग कित्येक घरांत नावालाच. आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड एकटे १७० वॅट खाते. कंपनी त्याला ५५० वॅटचा सप्लाय सांगते.

पण कार्ड आताच हवे कशाला? २०२१ साली आलेल्या रायझन ५ ५६००जी प्रोसेसरात ग्राफिक्स आतच आहे. नुसत्या ५६०० मध्ये ते नाही. एका अक्षराचा फरक, पण कार्डाविना पडदा काळाच राहील. आतले ग्राफिक्स रॅमच वापरते, म्हणून १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्याव्यात. मदरबोर्ड एएम४ सॉकेटचाच. एएम५ वर हा प्रोसेसर बसत नाही.

मलकापूरहून रेल्वेने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाता येते, पण भाडेही हिशेबात धरा. पक्के बिल घ्याच. एका दुकानात मी शंभर-दोनशे वाचवायला बिल सोडले. रॅम बिघडली तेव्हा दुकानदाराने ओळखही दाखवली नाही.

भाच्याने शेवटी कॅबिनेट साधी घेतली. कार्ड पुढल्या वर्षी. ताईने एवढेच विचारले, "यावर अभ्यास होतो ना रे?"

होतो.