धुरावर नजर

डोंगर चढायला दोन परवानग्या लागतात हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळले. एक वनखात्याची आणि दुसरी डॉक्टरांची. पहिली एका खेपेत मिळाली. दुसरीला सहा महिने लागले. तिसरीही एक परवानगी असते, पण ती घरातच मिळत असल्याने तिचा अर्ज लेखी करावा लागत नाही, एवढेच.

बोरिवलीत राहून आम्हांला चाळीस वर्षे होत आली. गच्चीवर पापड वाळत घालताना समोर राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. त्यांतच कान्हेरीच्या लेण्यांपलीकडे जांभूळमाळ नावाचा माथा आहे. उंची 468 मीटर, म्हणजे मुंबईतली सर्वांत उंच जागा. कळसूबाईला जाऊन आलेले लोक या आकड्याला हसतील. हसोत बापडे! ज्या शहरात 'वर जाणे' म्हणजे लिफ्टचे बटण दाबणे, तिथे 468 मीटर काही थोडे नव्हेत. आमच्या जुन्या इमारतीला तर लिफ्टही नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

वर जायचे ठरले होते ते मात्र उंचीसाठी नव्हे, कारवीसाठी. कारवी हे मोठे हिशेबी झुडूप. सात वर्षे नुसते वाढते, आठव्या वर्षी सगळे उतार एकदमच जांभळे-निळे करून टाकते आणि बी धरून मरते. 2016 साली आम्ही दोघांनी ती खालच्या वाटेवर पाहिली. तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "पुढच्या वेळी वरपर्यंत जायचं हं." मी शब्द दिला. आठ वर्षांनंतरचा शब्द द्यायला नवऱ्याला काय लागते?

आणि 2024 उजाडले. ऐन श्रावणात माझ्या छातीत जळजळ सुरू झाली. मी तिला आम्लपित्त म्हणत होतो आणि सगळे खापर साबुदाण्याच्या खिचडीवर फोडत होतो. हिला ते पटेना. "अहो, तुम्ही हल्ली तिसऱ्या मजल्यावर थांबता. हे कसलं पित्त, जे फक्त जिन्यातच होतं?" मी चिडलो, दोन दिवस अबोलाही धरला. तिसऱ्या दिवशी हिने रिक्षा बोलावली आणि मला दवाखान्यात नेऊन बसवले. दोन रक्तवाहिन्या अडल्या होत्या. आणखी आठवडा गेला असता तर, असे म्हणून डॉक्टरांनी वाक्य अर्धेच सोडले.

त्या भाद्रपदात कारवी फुलली. लोक फोटो काढून आणत होते. ही माझ्या गोळ्यांच्या वेळा सांभाळत होती. कारवीबद्दल एक अक्षर बोलली नाही, आणि तेच मला लागून राहिले.

2025 च्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी चढायला हरकत नाही म्हटले, तेव्हा मी म्हणालो, "आता काय बघायचं? फुलं तर गेली."

"वाळलेली कारवी बघू," ही म्हणाली.

असे आम्ही परवानगी काढून, वनखात्याच्या वाटाड्याबरोबर, आणखी पाचसहा जणांच्या सोबतीने निघालो. कान्हेरीत पहिला विसावा घेतला. काळ्या दगडात शंभरावर लेणी. भिक्षूंनी त्यांच्या ओसरीत बाकेही कोरून ठेवली आहेत. दीडदोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाकावर बसून मी रक्तदाबाची गोळी घेतली. बाक अजून उत्तम आहे.

पुढे रान लागले. सागाच्या पानांचा पायाखाली असा आवाज, की शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये. काटेसावरीला लाल फुले होती. बाकी सगळे वाळून कोळ झालेले. आणि दोन्ही अंगांना मेलेल्या कारवीच्या काठ्या, पुरुषभर उंच. वाटाड्याने एक वाळले बोंड दाखवले. "पहिल्या पावसाची ओल लागली की ही टकटक फुटतात, मावशी. बी लांब उडतं. पण पाऊस पडेस्तोवर ते टिकायला हवं. एक वणवा आला की आठ वर्षं गेली."

एवढे ऐकल्यावर त्या काठ्यांकडे बघण्याची माझी दृष्टीच बदलली. वाळलेले गवत, पाचोळा आणि काड्या: सरपणाची वखारच ती! त्या दिवसांत वीज पडून आग लागण्याचा संभव नसतो. आग लागते ती माणसाच्या हातून. कुणी विडी फेकतो, कुणी कचरा पेटवतो. डिसेंबर 2018 मध्ये दिंडोशीच्या बाजूचा उतार असाच पेटला आणि ती आग रात्रभर चालली. म्हणून उन्हाळ्याआधी वनखाते जाळरेषा काढते. गवताचा पट्टा कापून तो आपणच सांभाळून जाळायचा, म्हणजे पुढे येणाऱ्या वणव्याला खायला काही उरत नाही. तरीही तो ओलांडून आलाच, तर ओल्या फांद्यांनी झोडपून विझवायचा.

माथ्यावर पोचायला मला इतरांपेक्षा अर्धा तास जास्त लागला. वरून विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव दिसले, उत्तरेला वसईची खाडी आणि भोवती आगपेट्या उभ्या केल्यासारखे आपले शहर. आम्ही तलाव बघत होतो, वाटाड्या मात्र खाली न बसता सावकाश चारी दिशांना फिरत होता. तो धूर बघत होता.

नुसते बघत राहण्याची ही नोकरी अमेरिकेत फार मोठी झाली. तिथे 1910 साली दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर रान जळाले. मग डोंगराडोंगरांवर टेहळणीच्या खोल्या उभ्या राहिल्या. आत एक गोल मेज, त्यावर नकाशा. धुराची दिशा नेमकी मोजायची आणि खाली कळवायची. 1913 साली कॅलिफोर्नियात हॅली डॅगेट नावाच्या बाईंना असे काम मिळाले. वनखात्याने टेहळणीला नेमलेल्या त्या पहिल्या स्त्री. बाईमाणूस एकटे डोंगरावर टिकणार नाही, असे पुष्कळांचे मत होते. त्या चौदा-पंधरा उन्हाळे टिकल्या. आमच्या सौभाग्यवतींना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "त्यात नवल ते काय? लक्ष ठेवायचंच काम ना?"

आता हे काम उपग्रह करतात. आपल्याकडेही देहरादूनचे भारतीय वन सर्वेक्षण 2004 पासून उपग्रहाने टिपलेल्या आगी राज्यांना कळवते. सोय मोठीच. पण उपग्रहाच्या फेऱ्या ठरलेल्या असतात आणि मधे लागलेली आग पुढल्या फेरीची वाट पाहत थांबत नाही. शिवाय धूर कुठला, चुलीचा की गवताचा, हे जवळ जाऊन बघावेच लागते.

तेवढ्यात वाटाडा थबकला. खाली दोन ठिकाणी धूर होता. एकाकडे बोट करून म्हणाला, "ती पाड्यावरची चूल. रोज तिथंच असतो." दुसऱ्याबद्दल मात्र तो काही बोलला नाही, त्याने फोन काढून खालच्या माणसाला जायला सांगितले. आम्ही डबे उघडले. पण घास घेताना सगळ्यांची मान तिकडेच. अर्ध्या तासाने निरोप आला: वस्तीच्या कडेला कुणी कचरा पेटवला होता, विझवला.

"म्हणजे फुकटचा हेलपाटा," मी म्हणालो.

"बहुतेक वेळा कचराच निघतो, काका," तो म्हणाला. "पण बघून आल्याशिवाय कचरा कसा म्हणायचा?"

हिने माझ्याकडे बघितले. बोलली काही नाही. मी गुळपोळीचा तुकडा मोडण्यात गुंतलो असल्याचे दाखवले.

उतरताना मी मनातले बोललो. "माझ्यामुळे तुझी कारवी हुकली."

"कारवी काय, आठ वर्षांनी परत येते," ही म्हणाली आणि पुढे चालू लागली.

आता 2032 साली. मी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा असेन. मधल्या काळात त्या बियांची रोपे जगली पाहिजेत, उतारावर वणवा येता कामा नये, आणि इकडे आमच्या दोन रक्तवाहिन्याही शाबूत राहिल्या पाहिजेत.

दिवाळी आली की डोंगरावरचे गवत पिवळे पडू लागते. पणत्या लावून झाल्या, की ही गच्चीत जाऊन अंधारात एकदा डोंगराकडे बघून येते. मी थट्टा करीत नाही. जिना चढताना ती माझ्या मागे असते, आणि तिसऱ्या मजल्यावर थांबावेसे वाटले तर पित्ताचे नाव न घेता सरळ सांगायचे, असा आमच्यात करार झाला आहे.