महाडची मोरी दासगावात!

मोरी तुंबलेली असताना हॉलला नवा रंग कुणी देतं का? नाही ना? मग महाडच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतोय, असं माझं स्पष्ट मत आहे. रस्ते, गटारं, दिवे सगळं हवंच. पण शहराचं पाणी बाहेर पडतं ते दासगावच्या खाडीतून, आणि दासगाव काही नगरपालिकेच्या हद्दीत नाही. हद्द माणसांना कळते, पाण्याला नाही!

सावित्री महाबळेश्वरहून उतरते. महाडजवळ तिला काळ आणि गांधारी मिळतात आणि मग सगळं पाणी दासगाववरून बाणकोटच्या खाडीकडे जातं. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तिथून महाडला गेले. तेव्हा दासगाव म्हणजे महाडचा दरवाजा होता. आजही आहे, फक्त माणसांचा नाही, पाण्याचा.

या दरवाज्यातच कोकण रेल्वेचा भराव आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे पुस्तकातलं 'एम्बँकमेंट' माहीत होतं. 'भराव' हा शब्द मात्र लोणेरे-महाड एसटीत महाडकरांकडून शिकले. पाण्याची वाट अरुंद केली की वरच्या बाजूला पातळी चढते, वेग मंदावतो आणि गाळ बसतो. वरून पावसाचं पाणी आणि खालून भरती एकाच वेळी आली की पाण्याने जायचं कुठे? २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर महाडकरांनी हा भराव काढून तिथे पूल बांधा, ही मागणी लावून धरली.

"पूर तर रेल्वेच्या आधीही यायचे की!" असं आमच्या विंगमधल्या एकीने लगेच ऐकवलं. अगदी मान्य. भराव हा एकटाच आरोपी नाही. पात्रातला गाळ आहे, काठावरची बांधकामं आहेत. कोकणात रेल्वे नको होती असंही मी म्हणत नाहीये. आपल्यातले कितीतरी जण तिनेच घरी जातात. पण आजार जुना आहे म्हणून नवा अडथळा चालतो, हे कुठलं लॉजिक?

खरा प्रश्न वेगळाच आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसटी बस त्यात गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे मनात आणलं तर आपल्याकडे कामं होतात! कारण पूल कुणाचा हे ठरलेलं होतं. पाणी कुणाचं, हे मात्र ठरलेलं नाही. रूळ रेल्वेचे, हायवे दुसऱ्या खात्याचा, गटारं नगरपालिकेची, खाडीकाठ ग्रामपंचायतीचा. प्रत्येकाचं डिझाइन आपापल्या जागी पास, आणि सगळे मिळून नापास!

आणि दासगाव म्हणजे नुसती महाडची मोरी नव्हे, तिथे माणसं राहतात. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळून दीडशेहून जास्त माणसं गेली. वाचलेली कुटुंबं कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. शहराच्या आराखड्यात न बसणारं गाव पुनर्वसनाच्या रांगेतही मागेच राहतं, दुसरं काय!

म्हणून मला वाटतं, पोलादपूरपासून बाणकोटपर्यंत नदीचा एकच नकाशा हवा. कोणत्याही खात्याने मातीची एक पाटी जरी टाकायची म्हटली, तरी पाण्याची पातळी किती चढेल ते आधी या नकाशावर दाखवावं. नाहीतर परवानगी नाही.

आणि मित्रांनो, आपणही नुसत्या गप्पा नको मारूया. दरवर्षी सीनियर्सचे प्रोजेक्ट रिपोर्ट झेरॉक्स करून सबमिट करण्यापेक्षा लेव्हल आणि स्टाफ घेऊन महाडात जाऊ. भिंतींवरच्या पुराच्या खुणा अजून कितीतरी जण दाखवतील. त्या मोजू, दासगावच्या भरावाशी ताडून पाहू. सरांनी परवानगी दिली तर पावसाळ्याआधीच निघायला माझी तयारी आहे. कोण कोण येतंय, बोला!