घराण्यातला आजार लपवू नका

१८९५ साली अमेरिकेतील ॲन आर्बर येथे एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने डॉ. वॉर्थिन यांना सांगितले की, आमच्या घराण्यात बरेच जण कर्करोगाने जातात, मीही तशीच जाणार. दुर्दैवाने तसेच झाले. डीएनएची नक्कल होताना पडलेल्या चुका दुरुस्त करणारे 'एमएसएच२' हे जनुकच या घराण्यात सदोष होते. त्यामुळे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. आईवडिलांपैकी एकात असा दोष असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. थोरल्याला मिळाला म्हणून धाकटा सुटला असे नाही, नाणेफेकच ती! आपल्याकडे मात्र सोयरीक मोडेल म्हणून पुष्कळदा असे आजार लपवतात. हे मला घातक वाटते. दोष म्हणजे रोग नव्हे. तो ठाऊक असेल तर दुर्बिणीने आतडे वेळोवेळी तपासून बारीक गाठी कर्करोग होण्याआधीच काढता येतात.