दुसऱ्याचा मुलगा

परवा रविवारी बहिणीकडे बैठक झाली. बैठक म्हणजे काय, तर पोहे, चहा, आणि एकोणीस वर्षांच्या एका मुलाला मध्ये बसवून अकरा जणांनी त्याला समजावणं. त्याचा गुन्हा असा की बहिणीच्या ह्या नातवाने सैन्यात नर्सिंग असिस्टंट व्हायचं ठरवलंय. बारावी सायन्स झालंय, लेखी परीक्षेची तयारी चाललीय, पहाटे धावायला जातो. मलाही बोलावलं होतं, कारण "तो मावशीआजीचं ऐकतो". तिथे मी गप्प बसले. म्हणून आज इथे लिहितेय. ज्यांना लागेल त्यांनी फोन करावा, मी घरीच असते.

पहिला आक्षेप धोक्याचा नव्हताच, मंडळी! पहिला होता प्रतिष्ठेचा. "इथल्या एएफएमसीतून डॉक्टर होऊन गेला असता तर गोष्ट वेगळी. हे म्हणजे बेडपॅन उचलणं." बोलणाऱ्याचं नाव लिहीत नाही, पण गेल्या वर्षी ह्याच गृहस्थांना दवाखान्यात आठ दिवस कोणी उठवलं-बसवलं, ते मी पाहिलंय. डॉक्टर दिवसातून दोनदा यायचे.

साठाव्या पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सची गोष्ट मी वर्गात सांगायचे. १९५० साली लेफ्टनंट कर्नल रंगराज ह्यांच्याबरोबर हे भारतीय पथक कोरियाला गेलं. गेल्या गेल्या प्योंगयांगहून माघार सुरू झाली आणि सामान हलवायला वाहनं नव्हती. सामान म्हणजे औषधं आणि शस्त्रक्रियेची हत्यारं. ती सोडली तर पथक असून नसून सारखं. मग ह्या लोकांनी एक जुनं वाफेचं इंजिन शोधलं, बादल्यांनी पाणी भरलं आणि गाडी स्वतः हाकत सामान बाहेर काढलं. पुढे मार्च १९५१ मध्ये ह्याच पथकातले काही जण अमेरिकी सैनिकांबरोबर मुनसानला विमानातून खाली उतरले. हे सगळे काही डॉक्टर नव्हते. ड्रेसिंग करणारे, स्ट्रेचर उचलणारेही होते. बेडपॅनही उचलले असतील.

दुसरा आक्षेप धोक्याचा. त्यावर जावईबापूंनी तोडगा काढला, "जायचंच तर मेडिकलवाल्यांना कोणी मारत नाही, जिनिव्हा करार आहे." करार आहे, १९४९चा आहे, जखमींवर उपचार करणाऱ्यांवर हल्ला करू नये असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पण तोफगोळ्याला दंडावरचा लाल क्रॉस वाचता येत नाही. पलटणीबरोबर नर्सिंग असिस्टंटही पुढे जातो, कारण जखमी तिथेच पडलेला असतो. मुलाला हे ठाऊक आहे. त्याला खोटा धीर देऊ नका आणि स्वतःलाही देऊ नका.

आता माझं सांगते. १९९९ साली कारगिलच्या वेळी आमच्या शाळेने निधी जमवला, मी मुलांना घेऊन गल्लोगल्ली हिंडले. परवा बैठकीत बसलेल्यांपैकी चौघांनी तेव्हा डब्यात पैसे टाकले होते, डोळे पुसत टाकले होते. माझ्या वर्गातला एक मुलगा पुढे भरती झाला, तेव्हा शाळेत त्याला हार मीच घातला. त्याच्या आईला काय वाटत असेल हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. ती हाराकडे न बघता माझ्याकडे बघत होती, एवढं आठवतंय. साताऱ्याकडच्या अपशिंग्यात घरटी माणूस फौजेत जातो, ह्याचं कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या करतोय. म्हणजे जायचं त्यांच्या मुलांनी आणि ऊर भरून यायचा आपला!

अकरा जणांत खरं बोलली ती एकटी भाची. म्हणाली, "मावशी, रात्री फोन वाजला तर मी काय करू?" ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. तिने मुलाला सरळ सांगावं की मला भीती वाटते, माझ्याच्याने हे सोसवणार नाही. तो तिचा हक्क आहे. मग तो काय ठरवायचं ते ठरवेल. पण तिची भीती पुढे करून बाकीच्यांनी आपली लाज झाकू नये.

पुढच्या रविवारी पुन्हा बैठक आहे म्हणे. मी येईन. पण माझ्या तोंडून त्याला "नको" म्हणवून घ्यायचं असेल, तर पोह्यांचा घाट घालू नका.