राणीछाप रुपयाचे दोन भाव

कापसाचा हंगाम बिघडला की देवघरातले चांदीचे राणीछाप रुपये सराफाच्या काट्यावर येतात, हे वर्ध्याकडच्या पुलगाव-देवळीच्या पट्ट्यात कुणाला सांगायला नको. २०२५मध्ये दोन गोष्टी नेमक्या जुळून आल्या. ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं उठवलं. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, पण खासगी व्यापारी त्याच्या खालीच बोलत राहिला. तिकडे चांदी वर्षाच्या सुरुवातीला किलोमागे नव्वद हजारांच्या आसपास होती, ती डिसेंबरात दोन लाखांपलीकडे गेली. एकीकडे नड, दुसरीकडे चढता भाव. मग रुपये निघणारच.

हिशेब सोपा आहे. जुना रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात बारातले अकरा भाग चांदी, साधारण १०.७ ग्रॅम. किलोला नव्वद हजार धरले तर नाण्यात साडेनऊशेची चांदी, दोन लाख धरले तर एकवीसशेची. सराफ त्यातून घट कापतो, ते वेगळं. १९४० ते १९४५च्या जॉर्ज सहाव्याच्या रुपयात मात्र चांदी निम्मीच. तो राणीछापाच्या भावात कुणी घेत नाही.

हा झाला धातूचा भाव. संग्राहक देतो तो हौसेचा भाव, आणि तो वेगळ्या वाऱ्यावर चालतो. जग घाबरलं की चांदी चढते. हौस चढते ती लोकांच्या हातात पैसा खुळखुळतो तेव्हा. चांदी चारशे रुपयांची असताना संग्राहक साध्या राणीछापाचे सहाशे आनंदाने देतो. तीच चांदी एकवीसशेची झाली की तो हात आखडता घेतो. सामान्य नाण्यावरची हौसेची किंमत मग धातूच्या भावात बुडून जाते, नाणं मोडीत जमा होतं. दुर्मीळ नाणं तेवढं तरतं, कारण त्याचा भाव चांदीवर बेतलेलाच नसतो.

आता दुर्मीळ कुठलं? इथेच घरोघरी गफलत होते. १८६२ हा जुना सन, म्हणून तो रुपया सगळ्यात मौल्यवान, असं आपण धरून चालतो. वास्तविक टांकसाळींनी १८७४ पर्यंत रुपयावर १८६२ हाच सन ठेवला, त्यामुळे हा रुपया बख्खळ सापडतो. जाणकार तिथे सनाकडे बघतच नाही. तो भिंग घेऊन मुंबई टांकसाळीच्या नाण्यावरचे बारीक ठिपके मोजतो. ठिपक्यांच्या संख्येवरून प्रकार ठरतो आणि भावही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाआधी आपण राख नाहीतर दंतमंजन लावून रुपये लख्ख करतो, त्यात झीज पहिल्यांदा या ठिपक्यांचीच. वजनाला फरक पडत नाही, म्हणून सराफ काही बोलत नाही; संग्राहक मात्र घासलेलं नाणं बघून तोंड फिरवतो.

हा रुपया आपल्या भागात आला तोही कापसाच्याच पायी. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस लागला आणि चांदी उलटी इकडे वाहिली. पुढे चांदी इतकी पडली की १८९३मध्ये सरकारने खासगी चांदीचे रुपये पाडून देणं बंद केलं; रुपयाची किंमत त्यातल्या चांदीपेक्षा जास्त ठेवली गेली. पहिल्या महायुद्धात चांदी पुन्हा चढली, लोक रुपये दडवू-वितळवू लागले आणि १९१७च्या नोव्हेंबरात एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. महागाईत नाणं मुशीत जाण्याची ही रीत जुनीच.

माझं म्हणणं एवढंच की विकायचे तर विका, नडीपुढे इलाज नाही. पण ढीग काट्यावर टाकण्याआधी सन आणि ठिपके कुणा माहीतगाराला दाखवा. १९११चा पंचम जॉर्जचा रुपया, ज्याच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि सरकारला नक्षी बदलावी लागली, तो मोडीत घालणं म्हणजे शुद्ध नुकसान. १९३९चा निघाला तर आधी तो खरा आहे का ते तपासा, कारण त्याच्या नकला फार. आणि वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याचे लाखो देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने फोन आला, आधी ‘नोंदणी शुल्क’ भरा म्हणाला, तर फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँक असल्या व्यवहारात नसते, हे तिने स्वतः २०२१मध्येच जाहीर केलं आहे.