सिकलसेलचा वाहक म्हणजे रोगी नव्हे

रक्ताच्या अहवालात ‘सिकलसेल वाहक’ असे शब्द दिसले, की आपल्याकडे घरावर सुतकी कळा पसरते. जमत आलेली सोयरीक मोडते आणि ‘त्यांच्या घराण्याचे रक्तच खराब’ असा शिक्का बसतो. तोही बहुधा मुलीवरच.

हा शिक्का किती खोटा आहे, हे डॉ. अँथनी अॅलिसन यांच्या संशोधनावरून कळते. केनियात वाढलेल्या या शास्त्रज्ञाला १९४९ साली तेथे रक्ताचे नमुने तपासताना एक गोष्ट खटकली. समुद्रकिनारा व व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात सिकलसेलचे वाहक पुष्कळ, तर उंच, कोरड्या प्रदेशात अगदी थोडे. जेथे हिवताप जास्त, तेथेच वाहक जास्त! १९५४ साली त्यांनी दाखवून दिले, की वाहक मुलांच्या रक्तात हिवतापाचे जंतू कमी आढळतात. घातक हिवतापातून अशी मुले वाचली, मोठी झाली आणि त्यांचे जनुक पुढच्या पिढ्यांत उतरले. निसर्गाची निवड म्हणतात ती हीच.

थोडक्यात, हे जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आले तर हिवतापाविरुद्ध ढाल ठरते. दोघांकडून आले तर आजार होतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग रक्तक्षय आणि असह्य वेदना. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार भागातील कुटुंबांना या वेदना नव्याने सांगायला नकोत. मात्र वाहकालाही हिवताप होऊ शकतो. ताप आल्यास तपासणी व औषध टाळू नये.

आता साधा हिशेब पाहा. वाहकाचे लग्न निर्दोष रक्ताच्या व्यक्तीशी झाले, तर एकही मूल सिकलसेलग्रस्त होत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल ग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते. जोडीदार थॅलेसेमियाचा वाहक असला तरी धोका असतोच. म्हणून केवळ सोल्युबिलिटी चाचणीवर न थांबता इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करून घ्यावी. दोघे वाहक आहेत हे लग्नानंतर कळले, तर दिवस राहताच डॉक्टरांना गाठावे. गर्भाची तपासणी करता येते. ग्रस्त रुग्णांनाही हायड्रॉक्सियुरिया या औषधाने पुष्कळ आराम पडतो.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. उद्दिष्ट २०४७ सालचे आहे. तपासणी हवीच, पण अहवाल हाती देऊन समजावून न सांगणे म्हणजे अर्धे काम. समजावणे झाले नाही, तर तीच तपासणी सोयरीक मोडण्याचे हत्यार बनते आणि लोक रक्त द्यायला कचरतात.

पत्रिकेतले छत्तीस गुण पाहणाऱ्यांनी रक्ताचे अहवालही अवश्य पाहावेत. मात्र दोघांचेही. फक्त मुलीचा अहवाल मागणे हे आरोग्यशिक्षण नव्हे, तो अन्याय आहे.